हात कधी सोडायचा

सिद्रामला घोंगडीत घालून आणलं तेव्हा मी एका म्हातारीच्या कानातून गोचीड काढत होतो. बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या डिस्पेन्सरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. तरी गर्दीनं आपोआप वाट करून दिली, आणि त्यावरूनच मला कळलं की हा अपघात नाही. अपघात झाला की लोक पुढे येतात. मारहाण झाली की मागे सरतात.

डोकं फुटलं होतं. डावं गळ्याचं हाड मोडलं होतं. ओठ सुजून नाकाला लागला होता. तो ओरडत नव्हता. उजवं मनगट तोंडात धरून चावत होता. ते बघून मला जखमेपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण मनगट चावायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

मागोमाग त्याची आई हौसाबाई आली. डोईवरचा पदर खांद्यावर, चपला कुठंतरी पडलेल्या.

"सायेब, त्यानं कायबी केलं न्हाय वो. सलाम घातला फकस्त. कुणीबी इचारा."

माझा कंपाउंडर कासिम यानं दार लोटून घेतलं. कासिम निजामाच्या काळापासून त्या दवाखान्यात होता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साब, आबासाहेबांच्या सूनबाईचा हात पकडला म्हणतेत. भर बाजारात. अब क्या करते?"

मी टाके घालायला घेतले. काय करायचं ते मला त्या क्षणी ठाऊक होतं. ते मी केलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

गाव भूमच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण त्या घरांतली माणसं अजून तिथं आहेत. माणसांची नावंही बदलली आहेत. हैदराबाद संस्थान मोडून आमचा भाग मुंबई राज्यात आला होता, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. मी तुळजापूरचा, शिक्षकाचा मुलगा. डॉक्टरी हैदराबादेत शिकलो, तीही उर्दूतून. नोकरी जुन्या राजवटीत लागली आणि राज्य बदललं, त्यामुळे नव्या सरकारात मी कायम व्हायचा होतो. त्याला आम्ही कन्फर्मेशन म्हणायचो. ते होईपर्यंत वरच्या साहेबानं एक ओळ वाईट लिहिली तरी घरी जायची वेळ. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे वागलो त्याला दुसरं कोणतंही कारण नाही.

सिद्रामला पहिल्यांदा आणलं होतं ते मनगटासाठीच. धनगराचं घर. बाप मेंढरांमागे बालाघाटच्या डोंगरात, घरी माय-लेक. विशी ओलांडलेला, उंच, काटक गडी. मनगटावर दातांच्या खुणा एकावर एक, जुन्या पांढऱ्या, नव्या लाल.

"कोण चावलं?"

"त्योच चावतो, सायेब. चार मानसं जवळ आली की सोताचा हात तोंडात."

बोलायला फार उशिरा लागला, असं हौसाबाई म्हणाली. अजूनही आपण जे बोलू तेच परत म्हणायचा. कुणाकडं बघायचा नाही. एसटीचा हॉर्न वाजला की कान झाकून थेट शिवारात पळायचा. टकळीवर लोकर मात्र दिवसभर कातायचा, आणि सूत चांगलं निघायचं.

आज याला स्वमग्नता म्हणतात. आमच्या पुस्तकात तेव्हा तीन शब्द होते. इडियट, इम्बेसाइल, ल्युनॅटिक. पहिले दोन जन्मापासून मंद असलेल्यांसाठी, तिसरा वेड लागलेल्यांसाठी. सिद्राम तिन्हींत नीट बसत नव्हता. मी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. ब्रोमाइड म्हणजे मेंदू सुस्त करणारं खारट औषध. दुसरं काही हाताशी नसलं की आम्ही ते देत असू. पुढच्या बाजाराला हौसाबाईनं अर्धी बाटली परत आणून टेबलावर ठेवली.

"ह्यानं त्याचं मेंढरू झालंय, सायेब. आमच्याकडं मेंढरं मोप हायती."

मी बाटली कपाटात ठेवली. तेव्हा मला मार्थाबाई आठवल्या.

गावाच्या टोकाला मिशनचं छोटं देऊळ होतं. दगडी भिंती, वर पत्रा. चर्च हा शब्द गावात कुणी वापरत नसे. मार्थाबाई तिथल्या मास्तरीण. त्यांचे वडील मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेले. गाव त्यांना तोंडावर मास्तरीणबाई म्हणे आणि पाठीमागं जातीनं बोले. दर शनिवारी दुपारी त्या देवळात वर्ग घ्यायच्या. धर्माची गाणी, धर्माच्या गोष्टी. वर्गातल्या पोरांना खरूज झाली की सगळी वरात दवाखान्यात मलम लावायला आणायच्या, तेवढीच आमची ओळख.

मी सिद्रामचं सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही.

"पाठवा की. आमच्या वर्गात रुथ हाय ना, तीबी तसलीच. पहिली दोन वर्षं भिंतीशी बोलायची. आता माझ्याशी भांडती."

"मोठा आहे तो. तुमची पोरं लहान."

"मग लहान पोरं त्याला भ्यायची न्हाईत. मोठी मानसं भितेत."

हौसाबाई ऐकेना. "बाटवतील त्याला."

"कोण बाटवतंय? नुसता बसेल तिथं."

"आन खायला?"

"भाकरी घरून बांधून द्या."

तिनं भाकरी बांधून दिली. शनिवारी तो गेला, दाराबाहेर उभा राहिला आणि परत आला. असं बरेच शनिवार चाललं. बाईंनी त्याला आत बोलावलं नाही. पोत्याचा एक तुकडा दाराच्या आत टाकून ठेवला. तो त्याचा. त्यावर दुसरं कुणी बसलं तर बाई उठवायच्या. एका शनिवारी तो त्यावर बसला.

मी तो वर्ग काही वेळा बघितला. खरूज तपासायच्या निमित्तानं जायचो, पण खरं म्हणजे बघायला जायचो. सगळं ठरलेल्या क्रमानं चाले आणि तो क्रम कधी बदलत नसे. आधी गाणं, मग गोष्ट, मग भेट. गोष्ट सांगून बाई थांबत नसत. रस्त्याकडेचा आंधळा हाका मारतो, लोक त्याला गप्प करतात, एक जण थांबून विचारतो, तुला काय पाहिजे. ही गोष्ट झाली की एकाला आंधळा करायच्या, एकाला विचारणारा. मग तीच गोष्ट दुकानात न्यायच्या. आता तू दुकानदार, तू गिऱ्हाईक. तुला काय पाहिजे? मीठ पाहिजे. मग तीच विहिरीवर. बोलायची पाळी ज्याची, त्याच्या हातात लोकरीचा गुंडा. गुंडा दुसऱ्याकडं गेला की आपण थांबायचं. गुंडा सिद्रामच्याच घरचा होता. कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे आपल्याला आपोआप कळतं. त्याला कळत नव्हतं. हातात गुंडा आला की कळायचं.

"डोळ्यांत बघायला त्याला भाजतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी सांगितलंय, कपाळाकडं बघ. समोरच्याला वाटतं आपल्याकडंच बघतोय."

नको असेल तर मनगट चावायचं नाही, तळहात उघडा करून 'नको' म्हणायचं. हेही त्यांनीच शिकवलं. दोन मोसमांत त्याच्या मनगटाची कातडी भरून आली. ब्रोमाइडनं जे झालं नाही ते पोत्याच्या तुकड्यानं आणि लोकरीच्या गुंड्यानं झालं. दवाखान्यात तो रांगेत थांबायला लागला. एकदा कासिम बाहेरून धावत आत आला. "साब, बोल्या वो! पानी मंग्या! अपने मूँ से मंग्या!" त्या दिवशी कासिमनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

वर्ग संपला की दारात सगळे एकमेकांचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणायचे. आमच्याकडच्या ख्रिस्ती लोकांचा हा रामराम. बाया, बाप्ये, पोरं, सगळ्यांनी सगळ्यांना करायचा. सिद्राम हात द्यायचा, पण दिल्याबरोबर काढून पळायचा.

"एवढं एक जमंना," बाई मला म्हणाल्या. "समोरचं माणूस सलाम म्हणेपर्यंत हा दाराबाहेर."

मी खुर्चीत बसून होतो. चहा पीत होतो. मी म्हणालो, "त्याला नियम पाहिजे. सरळ सांगा, समोरचा सलाम म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही."

बाईंना पटेना. "बाहेर कसं, डॉक्टरसाहेब? बाहेरच्या लोकांना आमचा सलाम ठाऊक न्हाई. ते काय म्हणणार? आणि हा धरून बसला तर?"

"बाहेर तो कशाला कुणाला हात देतोय? इथं तर जमू दे."

"तुम्ही म्हणताय तर बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मी स्वतः उठून तो नियम त्याला शिकवला. माझा हात त्याच्या हातात दिला, गप्प राहिलो, त्याला थांबवलं, मग सलाम म्हणालो आणि हात सुटला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्याला ते फार आवडलं. पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं हे आता त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

बरेच दिवस काही बिघडलं नाही. त्याला ओळखणारी माणसं म्हणजे वर्गातली, नाहीतर कासिम. कासिमला सलामाला सलाम देण्यात काय अडचण? "सलाम, बाबा, सलाम. अब छोड़." हात सुटायचा. नियमात काय खोट आहे हे त्यामुळं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता त्या बाजाराचं. हौसाबाई घोंगड्या विकायला बसली होती. त्या मोसमात पहिल्यांदाच तिनं सिद्रामला सोबत बसवलं होतं. तो गर्दीत बसू शकतो याचा तिला केवढा तोरा होता, हे मला कासिमनं नंतर सांगितलं. आबासाहेबांची सून घोंगडी बघायला आली. आबासाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. आधीच्या राजवटीतही त्यांचा शब्द चालायचा, नव्यातही चालायचा. सुनेनं लोकर चाचपायला हात पुढे केला.

सिद्रामनं पुढे आलेला हात बघितला. तो शिकवल्यासारखा उठून उभा राहिला. तिचा हात हातात घेतला, कपाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "सलाम."

ती गप्प. तो थांबला. पुन्हा म्हणाला, "सलाम." नजर तिच्या कपाळावर, म्हणजे कुंकवावर. ती हात ओढायला लागली. उत्तर आलं नव्हतं, म्हणून त्यानं सोडला नाही.

कुणीतरी ओरडलं, "मिशनवाल्यांचा हाय! कुंकू पुसतोय बाईचं!" रझाकार आणि पोलीस ॲक्शन होऊन फार वर्षं झाली नव्हती, नुसता 'सलाम' कानावर पडला तरी लोक बिथरायचे. त्या शब्दानं आणि त्या नजरेनं मिळून जे व्हायचं ते झालं.

त्याच दुपारी सुनेला दवाखान्यात आणलं. फौजदारांना तिच्या हाताचा रिपोर्ट पाहिजे होता. मनगटावर साधा ओरखडाही नव्हता. सोबतची बाई दाराशी गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्यानं जोरात नव्हतं धरलं. कायतरी विचारत होता. मला काय म्हणायचं तेच कळंना. म्हणले असते तर सोडला असता, असं वाटतंय."

"हे फौजदारांना सांगाल?"

ती घाबरली. "मामंजींना सांगू नका मी असं म्हणले ते."

मी सांगितलं नाही. त्यांनाही नाही, आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

आबासाहेब स्वतः दुसऱ्या दिवशी आले. ओपीडी आटोपली होती. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डॉक्टर, केस करायची न्हाई आपल्याला. कोर्टात वकिलांनी आमच्या सुनेला काय काय विचारावं आन आम्ही ऐकावं, असं होयाचं न्हाई."

"मग प्रश्नच मिटला."

"मिटला कसा? त्यो मोकळा फिरणार काय? येडा हाय का शहाणा, ते तुम्ही ठरवायचं. त्याचाच पगार घेता नव्हं? येडा असंल तर सरकारनं त्याची जागा दाखवावी. आन मिशनची ती शनिवारची शाळा बंद पडली पाहिजे. तिथनंच लागलंय हे."

मी ओपीडीचं रजिस्टर मिटलं.

"तुमीबी जात होता म्हणं तिथं?"

"खरूज तपासायला."

"हां. तसंच असंल." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "तुमचं कायम व्हायाचं राहिलंय, नव्हं? उस्मानाबादेला साहेबांची गाठ पडती माझी अधनंमधनं."

मला कुणी धमकावलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांचा आवाज सबंध वेळ मऊच होता.

तेव्हाच्या कायद्यात तरतूद अशी होती. पोलीस माणूस हजर करणार. मॅजिस्ट्रेट त्याला समक्ष बघणार. सरकारी डॉक्टर सर्टिफिकेट देणार की हा वेडा आहे आणि मोकळा राहिला तर धोका आहे. मग मॅजिस्ट्रेट मेंटल हॉस्पिटलात ठेवण्याचा हुकूम काढणार. त्याला रिसेप्शन ऑर्डर म्हणत. डॉक्टरनं नाही म्हटलं तर तो हुकूम निघणं कठीण. म्हणजे सगळं माझ्या सहीवर होतं. मी सही केली. 'स्त्रियांना धरतो, सोडवल्याशिवाय सोडत नाही, समजावलेलं कळत नाही.' यातलं पहिलं खोटं नव्हतं, दुसरं खोटं नव्हतं, आणि तिसरं मी स्वतः खोटं ठरवलेलं होतं.

कचेरीत हजर करायच्या आदल्या दिवशी मार्थाबाई आल्या. आत येऊन बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, तो हात धरून का ठेवतो, तेवढं तहसीलदारांना सांगा. शिकवलं म्हणून सांगा. कुणी शिकवलं ते माझं नाव घ्या पाहिजे तर. जे शिकवून येतंय त्याला वेड कसं म्हणणार?"

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो, बाई."

"मग मीच येते कचेरीत. मी सांगते."

"तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघून प्रकरण पेटेल. त्याचंच नुकसान होईल."

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय तर." आणि गेल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी त्यांना लांब ठेवलं, कारण त्या आल्या असत्या तर नियम कुणी घालून दिला हे बोलता बोलता निघालं असतं.

तालुक्याचे तहसीलदारच तेव्हा मॅजिस्ट्रेटचं काम बघत. हे पुण्याकडून नवे आलेले होते. माणूस सरळ होता. सिद्रामचा डावा हात झोळीत, डोक्याला पट्टी. त्याच्या शेजारी शिपाई. हौसाबाई दाराशी. आबासाहेब खुर्चीत. मी टेबलाजवळ उभा.

"नाव काय तुझं?"

सिद्रामनं तहसीलदारांच्या कपाळाकडं बघितलं. थोडा थांबला. "सिद्राम."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं.

"काय काम करतोस?"

"लोकर कातायची."

"तुला मारलं कुणी?"

त्याचा हात मनगट चावायला वर गेला. अर्ध्यावर थांबला. त्यानं तळहात उघडा केला आणि म्हणाला, "नको."

अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांत, मार खाल्ल्यानंतर त्यानं हे केलं. त्या खोलीत याची किंमत मला आणि त्याच्या आईलाच कळत होती.

तहसीलदारांनी माझा कागद उचलला. "डॉक्टर, हा तर नीट उत्तरं देतोय की. तुम्ही लिहिलंय समजावलेलं कळत नाही."

"अधूनमधून ठीक असतो, सर."

माझा आवाज ऐकून सिद्राम वळला. दारातली आई सोडली तर खोलीत त्याच्या ओळखीचा मी एकटा. तो चालत आला. शिपायानं अडवलं नाही, कारण तो अगदी शांत चालत होता. त्यानं हात पुढे केला, माझा हात धरला आणि माझ्या कपाळाकडं बघितलं.

"सलाम."

मला एक शब्द बोलायचा होता. बोललो असतो तर हात सुटला असता आणि सगळ्या खोलीनं बघितलं असतं की ही वासना नाही, वेडही नाही, ही एक शिकवलेली रीत आहे आणि ती पुरी झाली. मी आबासाहेबांकडं बघितलं. ते टोपीची घडी नीट करत होते.

"सलाम," सिद्राम पुन्हा म्हणाला.

दारातून हौसाबाई ओरडली, "सायेब, सलाम म्हना की वो! म्हना की, सोडंल त्यो!"

"बाईंना बाहेर काढा," तहसीलदार म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "हे काय करतोय हा?"

सिद्रामचा तळहात माझ्या हातात घामानं ओला झाला होता. तो वाट बघत होता. मी ज्याला थांबायला शिकवलं होतं तो थांबला होता.

"हेच, सर," मी म्हणालो. "हेच करतो तो. म्हणूनच लिहिलंय."

दोन शिपायांनी ओढून सोडवलं. ओढताना मोडलेल्या हाडाला हिसका बसला आणि तो किंचाळला. मग मनगट तोंडात गेलं आणि रक्त येईपर्यंत त्यानं काढलं नाही. तहसीलदारांनी नाराजीनं मान हलवली आणि हुकमावर सही केली. त्यांचा काही दोष नाही. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याला एसटीनं नेलं. हौसाबाई एकदा भेटून आली. केस कापले होते, बरा दिसत होता, पण एक शब्द बोलला नाही, म्हणाली. कपाळाकडंही बघितलं नाही. दुसऱ्यांदा जायच्या आधीच तो हगवणीनं गेल्याची खबर पोलीस पाटलाकडं आली. बाप डोंगरातून उतरला तेव्हा त्याला दाखवायलाही काही नव्हतं. हौसाबाई त्यानंतर दवाखान्यात आली नाही. ताप आला तरी भूमला चालत जायची.

शनिवारचा वर्ग बंद झाला. मिशननं मार्थाबाईंना दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. जाताना त्या दवाखान्यावरून गेल्या, थांबल्या नाहीत. रुथ मी गाव सोडेपर्यंत मला दिसायची. ती परत भिंतीशी बोलायला लागली होती. कासिम माझ्याशी कामापुरतं बोलायचा. त्यानं मला कधी काही विचारलं नाही, आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत राहिलो.

माझं कन्फर्मेशन आलं. पुढे बढत्या मिळाल्या. निवृत्तीच्या सभेत माझ्याबद्दल फार चांगलं बोलले.

मध्यंतरी धाराशिवात, म्हणजे आमच्या जुन्या उस्मानाबादेत, अशा मुलांच्या आई-बापांची सभा झाली. एका चर्चच्या लोकांना रविवारी वर्ग सुरू करायचा होता, गाणी, गोष्टी, भेटण्या-बोलण्याचा सराव. जुना डॉक्टर म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. भूमकडचा एक गृहस्थ उठला. "आमच्याकडं पूर्वी असल्याच एका वर्गात मास्तरीणबाईनं धनगराचं पोरगं येडं केलं होतं. बायांचे हात धरायला शिकवलं. शेवटी सरकारनं उचलून नेलं." लोकांनी माना हलवल्या. एक आई आपल्या मुलाला घेऊन उठून गेली. माइक माझ्यापर्यंत आला नाही, आणि मी मागितला नाही.

म्हणून आता लिहितो. त्या वर्गानं सिद्रामला वेडं केलं नाही. वर्गात जायच्या आधी तो चार माणसांत उभा राहू शकत नव्हता. वर्गानं त्याला थांबायला, मागायला आणि नको म्हणायला शिकवलं. मार्थाबाईंनी त्याला बायांचे हात धरायला सांगितलं नव्हतं. धरलेला हात सोडायचा नाही, हे मी सांगितलं होतं. सर्टिफिकेट मी दिलं आणि तो खोटेपणा होता. तो वर्ग आता जे कुणी सुरू करत असतील त्यांनी जरूर करावा.

फक्त एक व्यवहाराची गोष्ट. कुणाला एखादी रीत शिकवाल, तर समोरच्या माणसाला ती ठाऊक नसली की काय करायचं, हेही त्याच दिवशी शिकवा. मार्थाबाईंना ते तेव्हाच सुचलं होतं. त्यांनी मला विचारलंही होतं. मी डॉक्टर होतो, म्हणून त्यांनी माझं ऐकलं.